रानपिंगळा आणि त्याचे रान

रानपिंगळा हे फक्त भारतात आढळणारे लहान घुबड आहे. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे २३ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर, आणि वजन पाव किलोच्या आसपास भरते. सातपुड्याच्या डोंगररांगा, त्यांच्या पायथ्याची सागाची राने आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या उत्तरेकडचा काही भाग, एवढाच त्याचा आज माहीत असलेला मुलूख. शास्त्रीय नाव अथेनी ब्लेविटी. बराच काळ त्याला हेटेरोग्लॉक्स या स्वतंत्र प्रजातीत ठेवले होते. पुढे जनुकीय अभ्यासांवरून तो अथेनी प्रजातीतलाच असल्याचे दिसले. गावच्या वडा-चिंचेवर राहणारा साधा पिंगळा याच प्रजातीतला, म्हणजे रानपिंगळ्याचा जवळचा भाऊबंद. त्यामुळे रानपिंगळ्याची ओळख साध्या पिंगळ्याशी ताडून करून घेणेच सोयीचे.

साधा पिंगळा रानपिंगळ्याहून किंचित लहान असतो. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते, पोटाकडे तुटक तपकिरी रेघा असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ सपाट राखी-तपकिरी. ठिपके असलेच तर इतके पुसट की दुर्बिणीशिवाय जाणवत नाहीत. छाती गडद तपकिरी, जणू रंगाचा एकच हात फिरवला आहे अशी, आणि तिच्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे. शरीराच्या मानाने डोके आणि चोच मोठी, पाय आखूड पण दणकट, बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. तिसरा एक पक्षी इथे घोटाळा करतो, तो म्हणजे जंगल पिंगळा. तो याच रानात राहतो, आकारानेही जवळपास तेवढाच, पण त्याच्या अंगावर डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघा असतात. या तिघांना वेगळे ओळखता येणे ही केवळ हौशी पक्षिनिरीक्षकाची गरज नाही. रानपिंगळ्याच्या नोंदींमधले बरेच गोंधळ याच चुकीतून झाले आहेत, आणि एका दुर्मिळ पक्ष्याच्या बाबतीत एक चुकीची नोंद शोधाची दिशा वर्षानुवर्षे चुकवू शकते.

बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर साधा पिंगळा आणि रानपिंगळा या दोन भाऊबंदांच्या सवयींतला फरक चांगला समजतो. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिंदखेड राजा तालुक्यात, जालना-मेहकर रस्त्यावर दुसरबीड आहे. हा खडकपूर्णेच्या खोऱ्यातला, गोदावरीकडे उतरणारा मुलूख. कपाशी, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची शेते, धुऱ्यांवर बाभळी आणि कडुनिंब, गावाशेजारी जुन्या चिंचा आणि वड, अधूनमधून उघड्या टेकड्या. हे साध्या पिंगळ्याचे राज्य आहे. चिंचेच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकात, गढीच्या कपारीत तो घर करतो. दिवस मावळताना बाहेर पडून तो विजेच्या तारेवर किंवा धुऱ्यावरच्या खांबावर बसतो आणि उंदीर, नाकतोडे, भुंगे टिपतो. माणसाच्या वस्तीशी त्याचे इतके सूत जुळले आहे की पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोश्याची परंपरा त्याच्याच बोलीवर उभी राहिली. झाडे तुटली तर तो भिंतीत जातो, भिंत पडली तर पुन्हा झाडाकडे येतो. रानपिंगळ्याला हे जमत नाही.

दुसरबीडहून उत्तरेला निघाले की आधी अजिंठ्याचा डोंगर लागतो. त्याच्या कुशीत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. घाट उतरल्यावर तापीला मिळणाऱ्या दुसऱ्या पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे पसरते, आणि ते ओलांडल्यावर, दुसरबीडपासून सरळ रेषेत शंभराहून अधिक किलोमीटरवर, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा उभा राहतो. तिथे १९९७ मध्ये जाहीर झालेले अंबाबरवा अभयारण्य आहे, आणि त्याला लागून वान, नरनाळा व मेळघाट. रानपिंगळ्याची आज माहीत असलेली सर्वांत मोठी वस्ती मेळघाटात आहे. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन वेगळी जगे आहेत आणि मधला पट्टा शेतीचा. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ च्या अखेरीस शेते, रस्ते आणि ओढे तुडवत ज्ञानगंगेत पोचला होता. रानपिंगळा अशी मजल मारत नाही. त्याची जोडी वर्षभर आपल्या हद्दीतच राहते, आणि ती हद्द रानातच असावी लागते.

कसले रान? दाट, ओले, अंधारे नव्हे. रानपिंगळ्याचे रान म्हणजे कोरडे पानझडी जंगल, त्यातही सागाचे प्राबल्य असलेले. सागाच्या जोडीला धावडा, लेंडिया, ऐन, तेंदू, मोई, रोहन आणि खडकाळ उतारांवर सालई. झाडे एकमेकांना खेटून नसतात. वरचे छत तुटक असते आणि मधूनमधून गवताचे उघडे तुकडे, नाल्याचे कोरडे पात्र किंवा पायवाट असते. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते, माघ-फाल्गुनात सागाची पाने गळून जमिनीवर करकरीत थर साचतो, आणि चैत्रात हे रान पाहणाऱ्याला उजाड वाटते. वनसंपत्तीचा हिशेब मांडणारे अशा रानाला सहज निकृष्ट ठरवतात. रानपिंगळ्याला मात्र नेमके हेच रान लागते, आणि त्याची कारणे त्याच्या शिकारीत आणि घरट्यात आहेत.

घुबड म्हटले की रात्र डोळ्यांपुढे येते, पण रानपिंगळा मुख्यतः दिवसाचा पक्षी आहे. सकाळची पहिली उन्हे हा त्याचा भर कामाचा वेळ. थंडीच्या दिवसांत तो उंच, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर येऊन बसतो आणि अंगावर ऊन घेतो. पिसे फुगवलेली, डोळे अर्धवट मिटलेले, छातीचा गडद रंग उन्हात उठून दिसणारा. ऊन चढले की तो खालच्या फांदीवर उतरतो आणि शिकारीला लागतो. साधारण दहानंतर हालचाल मंदावते, दुपार सावलीत जाते आणि संध्याकाळी पुन्हा थोडी धावपळ होते.

शिकारीची रीत बसून वाट पाहण्याची आहे. मधल्या उंचीच्या उघड्या फांदीवर बसून तो खालची जमीन न्याहाळतो. भक्ष्य दिसले की अंग ताठ होते, डोके पुढे येते आणि शेपटी डावीकडे-उजवीकडे झटक्याने हलू लागते. ही शेपटीची हालचाल रानपिंगळ्याची खास खूण आहे आणि दुरूनही दिसते. मग तो तिरका झेपावतो, पंजे पुढे टाकून भक्ष्य दाबतो आणि ते घेऊन पुन्हा फांदीवर येतो. त्याच्या आहाराची जी निरीक्षणे झाली, त्यांत पकडलेल्या भक्ष्यांपैकी सुमारे ६० टक्के सरडे, सापसुरळ्या आणि पाली यांच्या कुळातली होती. उंदीर-घुशींच्या वर्गातले प्राणी १५ टक्क्यांच्या आसपास, पक्षी जेमतेम दोन टक्के, आणि बाकी नाकतोडे, इतर किडे व बेडूक. सापसुरळी पाचोळ्यात राहते आणि अंग तापल्याशिवाय तिला धावता येत नाही. सकाळच्या उन्हात ती पानांवर येते, तेव्हा वर फांदीवर रानपिंगळा बसलेलाच असतो. छत दाट असते तर खाली ऊन पोचले नसते आणि वरून जमीन दिसली नसती. झाडे मुळीच नसती तर बसायला फांदी आणि सापसुरळीला पाचोळा मिळाला नसता. त्याचे दिवसा जागे राहणे, सरड्यांवर जगणे आणि विरळ सागवन निवडणे या एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी आहेत. त्यांतली एक सुटी काढता येत नाही.

दिवसा उघड्यावर बसणाऱ्या घुबडाला त्याची किंमतही मोजावी लागते. रानातले लहान पक्षी त्याला पाहताच गोळा होतात. बुलबुल, कोतवाल, वटवटे, सूर्यपक्षी अशी संमिश्र टोळी कलकलाट करत त्याच्याभोवती घिरट्या घालते. अनुभवी निरीक्षक पुष्कळदा या गोंधळाच्या मागावर जाऊनच रानपिंगळा शोधतात. मोठे शिकारी पक्षीही त्याच्यावर टपलेले असतात, विशेषतः घरट्याबाहेर नुकत्याच आलेल्या पिल्लांवर.

त्याचा आवाज साध्या पिंगळ्याच्या चिरचिराटापेक्षा वेगळा आहे. नर हद्द जाहीर करताना किंवा मादीला साद घालताना छोटी, मऊ, शिळेसारखी दोन अक्षरी हाक देतो. ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते आणि सकाळच्या शांततेत दूरवर जाते. धोका दिसला की कर्कश चिरक, आणि पिल्ले किंवा मादी अन्न मागत असतील तेव्हा लांबट, खरखरीत शीळ. हाका सर्वांत जास्त जानेवारी-फेब्रुवारीत ऐकू येतात, कारण प्रणयाराधनाचा भर याच महिन्यांत असतो.

विणीचा काळ ऑक्टोबरपासून मेपर्यंत पसरलेला असतो. रानपिंगळा घरटे बांधत नाही आणि ढोली कोरतही नाही. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने केलेले भोक, किंवा फांदी मोडून, आत कुजून आपोआप तयार झालेली पोकळी त्याला लागते. अशा ढोली प्रामुख्याने सालई, रोहन आणि मोई या झाडांवर सापडल्या आहेत, बहुतेक जमिनीपासून पाच ते आठ मीटर उंचीवर. तीच ढोली पोपट, मैना आणि साधा पिंगळा यांनाही हवी असते. मादी सहसा दोन अंडी घालते आणि तीच उबवते. त्या काळात ती ढोली फारशी सोडत नाही; नर शिकार करून तिला आणून देतो. हा क्रम पाहण्यासारखा असतो. नर थेट ढोलीवर उतरत नाही. पंजात सापसुरळी धरून तो आधी शेजारच्या झाडावर बसतो, आजूबाजूला पाहतो, हलकी साद देतो. मादी ढोलीच्या तोंडाशी येते किंवा बाहेर उडून येते, भक्ष्य चोचीतून चोचीत जाते आणि ती पुन्हा आत शिरते. पिल्ले बाहेर आल्यावरही सुरुवातीला नराने आणायचे आणि मादीने फाडून भरवायचे, अशी वाटणी राहते. पिल्ले साधारण ३० ते ३२ दिवसांत ढोली सोडतात, पण नंतरही काही आठवडे आईबापांच्या हद्दीतच राहून शिकार शिकतात. नराने स्वतःच्याच पिल्लाला खाल्ल्याच्या नोंदीही झाल्या आहेत. काही शिकारी पक्ष्यांत असे घडते आणि अन्नटंचाई हे त्याचे एक कारण मानले जाते.

ज्या झाडांवर या पक्ष्याचा वंश अवलंबून आहे, ती झाडे लाकूड म्हणून फारशी मोलाची नाहीत. सालईचे लाकूड मऊ; त्याच्या पेट्या आणि फळ्या होतात, खोडातून सुगंधी राळ येते. मोईचे लाकूडही हलकेच. म्हणून सागाच्या लागवडी करताना हीच झाडे आधी निघाली. याच पट्ट्यात, आजच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९५६ मध्ये तो देशाला अर्पण झाला. बांबू आणि सालई हा त्याचा कच्चा माल होता, आणि जागा निवडताना आसपासच्या रानातल्या सालईचाच विचार केलेला होता. स्वतंत्र भारताला स्वतःचा कागद हवा होता, ही गरज खरी होती. पण त्या काळी रानपिंगळा विसरला गेलेला पक्षी होता. जुनी, पोकळ सालई तोडताना कोणाचे घर जाते हे विचारायला माहिती असणारे कोणी नव्हते.

विसर पडण्यामागे मोठी कहाणी आहे. १८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात हा पक्षी मिळाला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन करून ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. पक्षिशास्त्रात त्यांचे काम त्याहून कमी नाही. १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातल्या खरियारजवळ दुसरा नमुना मिळाला. त्यानंतर खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत शहादा-तळोदा भागात आणखी काही पक्षी मिळवले. सारे मिळून सात नमुने, आणि शेवटचा १८८४ चा. तिथून पुढे शंभरावर वर्षे खात्रीची एकही नोंद नाही.

नोंद नव्हती असेही म्हणता येत नाही. एक होती, आणि तीच घातक ठरली. ब्रिटिश लष्करातले कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी इथे आपण हा पक्षी मारल्याचे सांगितले आणि त्यांच्या संग्रहात तसा नमुनाही होता. पुढच्या पिढ्यांनी ती नोंद खरी धरली. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांनीही १९७० च्या दशकात या पक्ष्याचा शोध घेतला, पण तो हाती लागला नाही. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले सगळे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा मांडवीचा पक्षी संशयास्पद वाटला. क्ष-किरण चित्रे, आतला कापूस, टाके, पंख बांधण्याची पद्धत यांची तुलना केल्यावर कळले की तो डेव्हिडसन यांनीच १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी आहे. लंडनच्या संग्रहालयातून तो लांबवला गेला, त्यातला मूळ भरणा बदलला गेला आणि त्याला खोटी चिठ्ठी लावली गेली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हा सारा पुरावा प्रसिद्ध केला. विज्ञानातला खोटेपणा पुष्कळदा केवळ ग्रंथालयात राहतो. इथे त्याने एका धोक्यातल्या पक्ष्याचा शोध चुकीच्या जागी नेला.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर शोध पुन्हा मूळ जागांकडे वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी गेले. तिथे रान फार बदललेले होते आणि पक्षी मिळाला नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याला, निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा बेन किंग यांच्या नजरेस पडला. डोक्यावर ठिपके नाहीत, छाती गडद, पोट पांढरे, पाय पिसांनी भरलेले, अशा सगळ्या खुणा जुळल्या. त्याचे छायाचित्रण झाले आणि ११३ वर्षांनंतर हा पक्षी जिवंत असल्याचे जगाला कळले. तो सापडला ती जागा डेव्हिडसन यांच्या जुन्या मुलखातलीच होती. शतकभर पक्षी तिथेच होता. लपलेलाही नव्हता, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसत होता.

त्यानंतरचे काम मुख्यतः भारतीय संशोधकांनी केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८ पासून सर्वेक्षण केले. तोरणमाळ, तळोदा आणि मेळघाटात, तसेच मध्य प्रदेशात खकनारच्या बाजूला त्यांना पक्षी मिळाले. पक्ष्याच्या आहाराचा, घरट्यांचा आणि दिनक्रमाचा पहिला नीट अभ्यास याच काळातला. पुढे गिरीश जठार यांनी मेळघाट, तोरणमाळ, यावल या भागांत काम केले. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या प्राची मेहता आणि जयंत कुलकर्णी यांनी खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतूल या पट्ट्यात नवी ठिकाणे शोधली. मग २०१४ मध्ये अनपेक्षित बातमी आली, ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातून. सातपुड्यापासून इतक्या दूर, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या परिसरात रानपिंगळा निघाला. पाठोपाठ गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो सापडला. तानसा आणि डांगचे रान सातपुड्याहून अधिक पावसाचे, पण तिथेही सागाचे पानझडी जंगल आहेच. त्यामुळे या नव्या जागा त्याच्या अधिवासाच्या वर्णनाला छेद देत नाहीत, फक्त त्याची हद्द वाढवतात.

नव्या जागा मिळाल्याने आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. याचा अर्थ पक्षी वाढले असा नाही. ते अधिक ठिकाणी आहेत हे कळले एवढाच आहे. प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० ते ९९९ यांच्या दरम्यान धरली जाते, आणि एवढी थोडी पाखरे तुटक तुकड्यांत विखुरलेली आहेत. एका तुकड्यातली वस्ती संपली तर दुसऱ्या तुकड्यातून ती भरून निघेल याची शाश्वती नाही.

धोके ठिकाणानुसार बदलतात. नंदुरबारच्या तळोदा-शहादा भागात पायथ्याची सपाट रानेच शेतीखाली गेली, आणि ही सपाटीच रानपिंगळ्याला सर्वांत जास्त आवडते. उतारावर रान उरते, पण तिथे सापसुरळ्यांची दाटी कमी आणि जुन्या ढोलीची झाडेही थोडी. जळणासाठी वाळके, पोकळ झाड आधी तोडले जाते, कारण ते तोडायला सोपे आणि कायद्याच्या नजरेत बिनमोलाचे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तो वणवा रानभर पसरला की जमिनीवरचे सरडे, सापसुरळ्या मरतात आणि आतून कुजलेली खोडे जळून खाली येतात. वीण तेव्हा ऐन भरात असते. मोह ही रानात राहणाऱ्या कुटुंबांची वर्षाची मिळकत आहे. त्यामुळे ‘आग लावू नका’ एवढे सांगून भागत नाही. झाडाखाली जाळी पसरून फुले गोळा करण्यासारखा उपाय सोबत द्यावा लागतो. कपाशीच्या कडेने वापरली जाणारी कीटकनाशके आणि उंदरांसाठीची विषे हा आणखी एक धोका, कारण रानपिंगळा रानाच्या कडेला येऊन शिकार करतोच.

मोठ्या प्रकल्पांचे प्रश्न वेगळे. तापीवरच्या प्रस्तावित धरणात मेळघाटालगतचे उत्तम रान बुडण्याची भीती अभ्यासकांनी पूर्वीपासून मांडली आहे. अकोला-खंडवा मीटरगेज लोहमार्ग मेळघाटच्या गाभ्यातून जात होता. तो रुंद करताना जंगलाबाहेरून, बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळा-जामोदच्या बाजूने न्यावा, अशी मागणी झाली आणि ती रास्तच होती. तरी हा पर्यायी मार्ग पुढे खकनारच्या अंगाने जातो, आणि खकनार हा रानपिंगळ्याच्या जुन्या माहितीतल्या जागांपैकी एक आहे. वाघाच्या दृष्टीने सुटलेला प्रश्न एवढ्याशा घुबडाच्या दृष्टीने सुटतोच असे नाही. मार्गाची आखणी करताना ढोलीची झाडे मोजली जायला हवीत.

शिवाय अंधश्रद्धा आहेच. घुबडाचे पंजे, पिसे, डोळे तंत्रमंत्रात वापरले जातात आणि दिवाळीच्या सुमारास हा व्यापार वाढतो. ‘ट्रॅफिक इंडिया’ने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातल्या सुमारे ३० घुबड जातींपैकी निम्म्या जाती या व्यापारात आढळल्याचे म्हटले होते. पकडणारा जात पाहत नाही, घुबड एवढेच पाहतो. त्यामुळे थोड्या संख्येच्या जातीला एक-दोन जोड्यांचे नुकसानही भारी पडते. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, मारणे, बाळगणे किंवा त्याची अंडी काढणे हा वाघाच्या शिकारीइतकाच गंभीर गुन्हा ठरतो.

त्याच्या संरक्षणाचा सर्वांत साधा आणि स्वस्त मार्ग वनव्यवस्थापनातच आहे. सागाची विरळणी करताना वाकडी, पोकळ, वाळकी झाडे साफसफाई म्हणून काढण्याची सवय जुनी आहे. मोई, रोहन, सालई यांची जाड खोडे उभी ठेवणे, सुतार पक्ष्याची भोके असलेल्या झाडांवर खूण करणे आणि रानातले गवताचे उघडे तुकडे लागवडीने भरून न टाकणे, एवढ्याने बरेच साधते. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड या गावांचे पुनर्वसन झाल्यावर तिथल्या शेतांची कुरणे झाली. अशा कुरणांच्या कडा साग आणि गवत यांच्या सीमेवर येतात आणि शिकारीला सोयीच्या असतात. त्या झाडांनी बुजू न देणे हेही व्यवस्थापनाचेच काम आहे.

अंबाबरवा, नरनाळा आणि मेळघाटाच्या रानात हा पक्षी पाहू इच्छिणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी, सूर्य वर आल्यावरचे पहिले दोन-तीन तास राखून ठेवावेत. पावसाळ्यात सागाच्या रुंद पानांत तो जवळपास अदृश्य होतो. सर्वेक्षणासाठी त्याच्या हाकेचे ध्वनिमुद्रण वाजवून उत्तर मिळवण्याची पद्धत वापरली जाते आणि प्रणयकाळात तो त्याला फार लवकर प्रतिसाद देतो. म्हणूनच ही पद्धत परवानगी असलेल्या अभ्यासकांपुरती ठेवणे योग्य. छायाचित्रासाठी कोणी ती वारंवार वाजवली तर नर शिकार सोडून कल्पित प्रतिस्पर्ध्याच्या मागे लागतो, मादी ढोलीबाहेर येते आणि तेवढा वेळ अंडी किंवा पिल्ले उघडी पडतात.